विश्लेषण : पाहुण्यांसाठी बंदोबस्त, आंदोलकांसाठी नोटीस? मोठ्या परिषदेच्या काळात शहरात कोणते नियम लागू होतात?

२०२६ मध्ये ‘ब्रिक्स’ गटाचे अध्यक्षपद भारताकडे आहे. याआधी ‘जी-२०’चे अध्यक्षपद मिळाले, तेव्हा सरकारने बैठका दिल्लीपुरत्या न ठेवता देशभरातील ६० शहरांत नेल्या. दोनशेहून अधिक बैठका झाल्या. राज्यात मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला यजमानपद मिळाले. सोलापूरच्या वाट्याला तेव्हा काही आले नाही. मात्र २०१९ मध्ये टेरी टॉवेलचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरवलेल्या आणि जून २०२५ पासून विमानसेवा सुरू झालेल्या या शहराला अशा कार्यक्रमांची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. पाहुणे येणार म्हटले की पोलिसांचे आदेश निघतात, रस्ते बंद होतात आणि काही कार्यकर्त्यांच्या घरी नोटिसा पोहोचतात. हे सारे कोणत्या कायद्याने होते? त्याला मर्यादा काय? आणि पूनम गेटसमोर मागण्यांचा फलक घेऊन बसणाऱ्यांनी त्या काळात जायचे कुठे?

‘जी-२०’च्या वेळी राज्यात काय झाले?

पहिली मोठी बैठक डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईत झाली. त्या वेळी प्रतिनिधींच्या मार्गावरील झोपडपट्ट्या पडद्यांआड झाकल्याची छायाचित्रे देशभर गाजली. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात पायाभूत सुविधांवरील कार्यगटाची, तर फेब्रुवारीच्या अखेरीस छत्रपती संभाजीनगरमध्ये ‘डब्ल्यू-२०’ ही महिलांविषयक बैठक झाली. मार्चमध्ये नागपूरला नागरी संस्थांची ‘सी-२०’ बैठक होती. तिच्या तोंडावर नागपूरच्या पोलीस आयुक्तांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली आदेश काढून चौक, दुभाजक, सिग्नल अशा ठिकाणी भीक मागण्यास बंदी घातली. बंदी एप्रिलअखेरपर्यंत होती, बैठक मात्र काही दिवसांचीच होती.

या दोन्ही उदाहरणांत आंदोलक कुठेच नाहीत. कोणी घोषणा दिल्या नव्हत्या, कोणी रस्ता अडवला नव्हता. तरीही सर्वाधिक झळ बसली ती रस्त्यावर राहणाऱ्यांना आणि रस्त्यावर पोट असणाऱ्यांना. सुरक्षा आणि सजावट ही दोन वेगळी कामे आहेत. पण प्रत्यक्षात दोन्ही एकाच आदेशात मिसळतात आणि मग कोणते बंधन कशासाठी, हे विचारणे अवघड होते.

बंदोबस्ताची रचना कशी असते?

कांद्याच्या पापुद्र्यांसारखी. सर्वात आत संरक्षित व्यक्ती, तिच्याभोवती विशेष प्रशिक्षित सुरक्षारक्षक, मग कार्यक्रमस्थळ, त्याबाहेर ये-जा करण्याचा मार्ग आणि शेवटी शहराच्या सीमेवरील नाकाबंदी. पंतप्रधान येणार असतील तर आतल्या वर्तुळाची जबाबदारी विशेष संरक्षण दलाची, म्हणजे एसपीजीची. बाहेरची वर्तुळे स्थानिक पोलिसांची असतात. त्यांच्या मदतीला राज्य राखीव पोलीस दल, बॉम्बशोधक व नाशक पथक आणि शीघ्र कृती दल असते. राखीव दलाचा गट क्रमांक १० सोलापुरात सोरेगावलाच आहे.

हद्दीचा प्रश्नही महत्त्वाचा असतो. शहरात पोलीस आयुक्तालयाची सात ठाणी आहेत. हद्द ओलांडली की ग्रामीण पोलीस अधीक्षकांचे क्षेत्र सुरू होते. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान रे नगरमधील १५ हजार घरांच्या हस्तांतरणासाठी आले, ते ठिकाण कुंभारीला, म्हणजे दक्षिण सोलापूर तालुक्यात. अशा वेळी शहराचा आदेश वेगळा आणि ग्रामीणचा वेगळा असतो. आपण उभे आहोत तिथे नेमका कुणाचा आदेश लागू आहे, हे नागरिकाने पाहायला हवे.

आकाशासाठीही नियम आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार एखादे क्षेत्र तात्पुरते ‘रेड झोन’ जाहीर करता येते, पण एका वेळी जास्तीत जास्त ९६ तासांसाठी. लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

जमावबंदी कोणत्या कलमाखाली होते?

प्रामुख्याने दोन कायद्यांखाली. पहिला महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. त्याच्या कलम ३७(१) खाली शस्त्रे, काठ्या, दगड बाळगणे, चिथावणीखोर घोषणा वगैरेंना बंदी घालता येते. कलम ३७(३) खाली जमाव आणि मिरवणुकांना मनाई करता येते. ही मनाई पंधरा दिवसांपेक्षा जास्त काळ ठेवायची तर राज्य सरकारची मंजुरी लागते. ‘शहरात ३७(१)(३) लागू’ ही बातमी सोलापूरकरांना नवी नाही. सणावारांपासून निवडणुकांपर्यंत ती वर्षातून अनेकदा छापली जाते. आदेश मोडल्यास कलम १३५ खाली गुन्हा दाखल होतो.

दुसरा कायदा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. १ जुलै २०२४ पासून जुन्या कलम १४४ ची जागा तिच्या कलम १६३ ने घेतली. क्रमांक बदलला, गाभा तोच राहिला. आदेश दोन महिने चालतो. त्यापुढे सरकार तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकते.

जमावबंदी म्हणजे संचारबंदी नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवे. मे १९३० मध्ये मार्शल लॉ अनुभवलेल्या आणि चार हुतात्म्यांचे पुतळे चौकात जपणाऱ्या या शहराला हा फरक समजावून सांगण्याची गरज पडू नये. जमावबंदीच्या आदेशात बहुतेक वेळा ‘पोलिसांची परवानगी घेतलेले कार्यक्रम वगळून’ अशी सवलत असते. म्हणजेच आंदोलन आपोआप बेकायदा ठरत नाही, त्यासाठी परवानगी मागावी लागते. खरी अडचण पुढे येते. परवानगीचा अर्ज दौऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत निर्णयाविना पडून राहिला, तर कागदावरची सवलत प्रत्यक्षात उरत नाही.

‘१६८ ची नोटीस’ म्हणजे काय?

कार्यकर्ते अजूनही तिला ‘१४९ ची नोटीस’ म्हणतात, कारण जुन्या संहितेत तो क्रमांक होता. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलिसांनी हस्तक्षेप करावा, असे हे कलम सांगते. त्याआधारे ‘आपल्या हातून कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणास जबाबदार धरले जाईल’ अशा आशयाची समज दिली जाते. ही नोटीस म्हणजे अटक नव्हे, शिक्षा तर नव्हेच. पण पुढे काही घडले तर ‘पूर्वकल्पना दिली होती’ असा तो पुरावा ठरतो. त्यामुळे नोटिशीची प्रत जपून ठेवावी आणि तारीख, ठिकाण, सही तपासावी.

पुढची पायरी कलम १७०, म्हणजे जुने १५१. गुन्हा करण्याचा बेत आहे आणि तो अन्यथा रोखता येणार नाही असे पोलिसांना वाटल्यास वॉरंटशिवाय अटक करता येते. मात्र दुसऱ्या कायद्याचा आधार नसेल तर २४ तासांपेक्षा जास्त काळ डांबून ठेवता येत नाही. अटकेचे कारण सांगणे आणि नातेवाइकाला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. आंदोलनाच्या बातम्यांत ‘६८ प्रमाणे ताब्यात घेऊन ६९ प्रमाणे सुटका’ असे वाचायला मिळते. ती कलमे पोलीस अधिनियमाची आहेत. दौरा आटोपला की सुटका, असा हा परिचित प्रकार असतो.

न्यायालयांनी काय सांगितले आहे?

सर्वोच्च न्यायालयाच्या चार निकालांतून चित्र स्पष्ट होते. अहमदाबादच्या पोलीस आयुक्तांविरुद्धच्या हिमतलाल शाह प्रकरणात न्यायालयाने म्हटले, की सार्वजनिक ठिकाणच्या सभांचे नियमन करता येईल, पण सरसकट मनाईचा अनिर्बंध अधिकार पोलिसांना देता येणार नाही. २०१८ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेच्या याचिकेवर जंतरमंतर परिसरातील सरसकट बंदी उठवण्यात आली आणि तेथील रहिवाशांचे हक्क व आंदोलकांचे हक्क यांत तोल साधा, असे सांगण्यात आले. जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात कलम १४४ चा वापर मतभेद दडपण्यासाठी करता येणार नाही, आदेशात कारणे नमूद हवीत आणि आदेश प्रसिद्ध व्हायला हवेत, असे म्हटले आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शाहीन बाग प्रकरणात न्यायालयाने दुसरी बाजूही मांडली. सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवण्याचा हक्क कोणालाही नाही.

थोडक्यात, आंदोलकांना हवी ती जागा हव्या तितक्या काळासाठी मिळेलच असे नाही. पण कुठलीच जागा न देणे हेही घटनेत बसत नाही.

आदेश लपला तर काय होते?

कॅनडातील टोरांटो शहराचे उदाहरण बोलके आहे. जून २०१० मध्ये तिथे ‘जी-२०’ शिखर परिषद झाली. परिषदेआधी ओंटारियो प्रांताच्या सरकारने एका जुन्या कायद्याखाली विशेष नियम केला, पण त्याची पुरेशी जाहिरात केली नाही. कुंपणाच्या बाहेर पाच मीटरपर्यंत आलेल्या कोणालाही पोलीस थांबवून झडती घेऊ शकतात, असा समज पसरला. तसा नियमच नव्हता, हे परिषदेनंतर उघड झाले. काही समाजकंटकांनी मोडतोड केली हे खरे. पण त्या काही दिवसांत अकराशेहून अधिक लोकांना ताब्यात घेण्यात आले आणि त्यांत वाटसरूही होते. दहा वर्षांनी, २०२० मध्ये, पोलिसांना १ कोटी ६५ लाख कॅनेडियन डॉलरची तडजोड करावी लागली.

उलटा धडा अमेरिकेतील सिएटलचा आहे. नोव्हेंबर १९९९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेसाठी तिथे तयारी अपुरी पडली, उद्घाटन सोहळा रद्द झाला. मग घाईघाईने संचारबंदी आणि निदर्शनमुक्त क्षेत्र जाहीर झाले. पोलीस प्रमुखांना पद सोडावे लागले आणि काही अटका बेकायदा असल्याचे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. म्हणजे ढिसाळ तयारी आणि अति बंदोबस्त या दोन्हींची किंमत शहरालाच मोजावी लागते.

दिल्लीत २०२३ मध्ये काय झाले?

९ आणि १० सप्टेंबरच्या शिखर परिषदेसाठी दिल्ली सरकारने ८ ते १० सप्टेंबर अशी तीन दिवस सुटी दिली. नवी दिल्ली भागात औषधे वगळता घरपोच मालाची ने-आण थांबली. रोजावर काम करणाऱ्या डिलिव्हरी कामगाराला सुटीचा पगार नसतो. त्याच्यासाठी ती सुटी म्हणजे थेट कमाईचा खाडा होता.

त्याआधी तीन आठवडे, ऑगस्टमध्ये, नागरी संघटनांनी ‘वी-२०’ नावाची पर्यायी परिषद एका बंद सभागृहात भरवली होती. मेधा पाटकर तिथे होत्या. दुसऱ्या दिवशी परवानगी नसल्याचे सांगत पोलिसांनी लोकांना आत जाण्यापासून रोखले. सभागृहातील चर्चेला परवानगी कशाला, असा आयोजकांचा प्रश्न होता. रस्ता अडणार नव्हता, मार्गात कोणी येणार नव्हते. मग रोखण्यामागे सुरक्षेचे कारण कोणते, याचे उत्तर द्यायला हवे होते.

जवळचे उदाहरण आहे का?

आहे, आणि ते पंढरपूरचे आहे. ती आंतरराष्ट्रीय परिषद नसली, तरी लाखोंची गर्दी, अतिमहत्त्वाची व्यक्ती आणि आंदोलन हे तिन्ही घटक तिथे एकत्र येतात. जुलै २०१८ मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी आंदोलकांनी मुख्यमंत्र्यांना आषाढीची महापूजा करू देणार नाही असा इशारा दिला. वारकऱ्यांच्या सुरक्षेचे कारण देत तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पंढरपूरला येणे टाळले. नोव्हेंबर २०२३ मध्ये कार्तिकी वारीला पुन्हा तसाच पेच आला. फडणवीस तेव्हा उपमुख्यमंत्री होते. या वेळी प्रशासन आणि आंदोलक यांच्यात आधी चर्चा झाली, विरोध मागे घेतला गेला आणि पूजा पार पडली. लोखंडी अडथळे दोन्ही वेळी होते. फरक पडला तो आधी झालेल्या बोलण्यामुळे.

मग आदेश निघाला की काय पाहावे?

पाच गोष्टी. आदेश लेखी आणि जाहीर आहे का? त्यात कारण दिले आहे का? सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ स्पष्ट आहे का? हद्द रस्त्यांच्या नावांनिशी सांगितली आहे का? आणि सर्वात महत्त्वाचे, आंदोलनासाठी पर्यायी जागा दिली आहे का, आणि ती जागा ज्याच्यापर्यंत आवाज पोहोचवायचा त्याच्यापासून किती लांब आहे?

अभियांत्रिकीत कोणत्याही यंत्रणेची चाचणी ताण आल्यावर काय होते यावरून घेतात. शहराचेही तसेच आहे. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, अंगणवाडी सेविका एरवी पूनम गेटसमोर बसतात तेव्हा त्यांची दखल घेणारे फारसे कोणी नसते. पाहुणे येण्याचा दिवस हाच त्यांच्यासाठी दखल घेतली जाण्याचा दिवस असतो, आणि नेमका तोच दिवस आदेशात बंद होतो. पाहुण्यांच्या जिवाला धोका नको, यावर दुमत असण्याचे कारण नाही. पण मागणीचा फलक हा धोका नाही. अर्जावर वेळेत लेखी उत्तर आणि ताफ्याच्या मार्गावरून दिसेल अशी एक आखलेली जागा, एवढे दिले तरी बंदोबस्तात कुठे फट पडणार नाही आणि कार्यकर्त्यांना घरातून उचलण्याची वेळही कमी वेळा येईल.