पाच तारे आणि गोड सांबार

बंगळुरूच्या अनेक उडुपी हॉटेलांत सांबारात गुळाचा खडा पडतो. तिथल्या माणसाला त्याशिवाय सांबार गोड लागत नाही! चेन्नईचा पाहुणा मात्र पहिल्याच घासाला तोंड वाकडे करतो, आणि आपला कोल्हापूरकर विचारतो, "यात तिखट कुठे आहे?" समजा, तिघांनीही मोबाइलवर त्या हॉटेलला तारे दिले. एकाचे पाच, दुसऱ्याचे दोन, तिसऱ्याचे तीन. सरासरी निघाली ३.३. खोटे कोणीच बोलले नाही. पण या आकड्यावरून सांबार कसे आहे, हे चौथ्याला काय कळणार?

ताऱ्यांची ही सवय आपल्याला लावण्यात बंगळुरूचा वाटा मोठा. फ्लिपकार्ट २००७ साली आणि स्विगी २०१४ साली इथेच सुरू झाली. उबरने २०१३ साली भारतातले पहिले पाऊल टाकले तेही इथेच. पण तारा म्हणजे किलो नव्हे. किलो सगळीकडे सारखाच भरतो, तारा माणसागणिक आणि मुलखागणिक बदलतो. जपानमध्ये 'ताबेलोग'वर साडेतीन गुण मिळालेले हॉटेल चांगले समजतात. आपण साडेतीन पाहिले की पुढे सरकतो.

शिवाय आपल्याकडे भीड फार. बंगळुरूचा चालक "फाइव्ह स्टार कोडी, मॅडम" म्हणो, की पुण्याचा "ताई, पाच स्टार द्या हं" म्हणो, आपल्याला नाही म्हणवत नाही. गुण फार घसरले तर त्याचे काम जाऊ शकते, मग कशाला कोणाच्या पोटावर पाय द्या? हा विचार माणुसकीचाच आहे. मात्र अशा पाच ताऱ्यांचा अर्थ 'माणूस भला होता' एवढाच उरतो.

खोट्या अभिप्रायांना आळा घालण्यासाठी नियम आहेत. विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय देण्यास २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी मनाई केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने अभिप्रायांसाठी 'आयएस १९०००' हे मानक आणले. फसवणूक झालीच, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण भीड आणि आवडनिवड यांना कोणता कायदा लावणार?

म्हणून आकड्यापेक्षा मजकूर वाचावा. दोनतीन तारे देणारा बहुधा कारण सांगतो. ते कारण आपल्याला लागू पडते का, ते पाहावे. 'कापड फार जाड' ही तक्रार मुंबईच्या उकाड्यात खरी, पण महाबळेश्वरला निघालेल्यासाठी तीच शिफारस! आपण लिहितानाही 'सांबार वाईट' असे न लिहिता 'सांबार गोड आहे' असे लिहावे. त्याने हॉटेलवाल्यावर अन्याय होत नाही, आणि गोड आवडणाऱ्याला आपले घर सापडते.