पडद्यावरचे हसणारे कोण?

बाबूराव पेंटर यांच्या १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’ या मूकपटात सावकार खोट्या कागदाने शेतकऱ्याची जमीन गिळतो व तो बिचारा शहरात गिरणीमजूर होतो. वाशिंदच्या शेतकऱ्यास ही गोष्ट फोड करून सांगावयास नको. आज सावकाराच्या जागी जमिनीचा दलाल आला, इतकेच. तेथे आपले डोळे पाणावतात. परंतु नागराज मंजुळे यांच्या २०१३ सालच्या ‘फँड्री’त शाळकरी जब्याला साऱ्या गावादेखत डुकरे धरावी लागतात व गाव हसते. बंधुभगिनींनो, हे हसणारे कोण? सावकार नव्हेत, आपणच! जब्याने शेवटी भिरकावलेला दगड पाहणाराच्या अंगावर येतो, तो याचसाठी. सावकारापाशी न्याय मागणाराने शेजाऱ्याची विटंबना आधी थांबवावी. एरव्ही तिकिटाचे पैसे पाण्यात गेले म्हणावयाचे!