देव न मानणाऱ्याचे जगणे रिकामे असते का?

रमजान सुरू झाला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो : “सर, जे देवच मानत नाहीत, त्यांच्या जगण्याला काय अर्थ?” विचारणारा कधी रोजेदार असतो, कधी एकादशीचा उपवास करणाऱ्या घरातला. दोघांनाही ‘काहीच नाही’ हेच उत्तर अपेक्षित असते. मी रोजे ठेवतो, नमाज पढतो. तरी ते उत्तर मला देता येत नाही, कारण मी नागपुरात राहतो.

ऑक्टोबर १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या बर्डीवरच्या श्याम हॉटेलात उतरले होते. १४ तारखेला, आज जिथे दीक्षाभूमी आहे तिथे, त्यांनी लाखो अनुयायांसह बुद्धाचा धम्म स्वीकारला. या धम्मात जग निर्माण करणारा ईश्वर नाही. बावीस प्रतिज्ञांमध्ये देव-अवतार नाकारले आहेत. पण चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही, प्राणिमात्रांवर दया करीन, हेही त्यातच आहे. ज्यांना मंदिरात आणि पाणवठ्यावर मज्जाव होता, त्यांनी ईश्वराला बाजूला ठेवले आणि नव्या जन्माची भावना घेऊन घरी परतले. पोटाला चिमटा काढून मुले शिकवली. त्यांची नातवंडे आज या शहरात डॉक्टर, वकील, प्राध्यापक आहेत. हे जगणे अर्थशून्य आहे, असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

कोणी म्हणेल, धम्म हाही एक आधारच झाला. खरे आहे. मग आमच्याच समाजातले, जरा अवघड उदाहरण घेऊ. कोकणातल्या मिरजोळीचे हमीद दलवाई स्वतःला उघडपणे नास्तिक म्हणवत. १९६६ मध्ये त्यांनी तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. वयाची पंचेचाळिशी गाठण्याआधीच, १९७७ मध्ये ते गेले. त्यांच्या अनेक मतांशी माझे जुळत नाही. पण समाजाचा रोष पत्करून, जन्नतची आशा न धरता, ते टाकलेल्या बायकांच्या बाजूने उभे राहिले. एका दमातला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला तो २०१७ मध्ये. शेजाऱ्याच्या नास्तिकाचे कौतुक सोपे असते. आपल्या घरातल्या नास्तिकाला माणूस म्हणून मान देणे कठीण. सहिष्णुतेची परीक्षा तिथेच होते.

कुरआनात ‘अल्-माऊन’ नावाची छोटी सूरत आहे. दीन नाकारणारा कोण, असा प्रश्न तिच्या सुरुवातीलाच येतो. उत्तरात अनाथाला धुडकावणारा आणि गरिबाच्या अन्नासाठी कोणाला न सांगणारा माणूस येतो. पुढे ताकीद आहे ती दाखवण्यासाठी नमाज पढणाऱ्यांना, साधी वापरायची वस्तूही शेजाऱ्याला न देणाऱ्यांना. म्हणजे नाकारणे जिभेने होते तसे हातानेही होते.

मग श्रद्धेची गरजच काय? मला आहे. बंद दाराआड तहान लागली तरी रोजेदार पाणी पीत नाही, कारण कोणीतरी पाहते आहे हा त्याचा विश्वास असतो. माझ्या जगण्याला त्या जबाबदेहीमुळे अर्थ आहे आणि तो मला सोडायचा नाही. पण कोणी पाहत नाही असे मानूनही जो लाच घेत नाही, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढतो, त्याला कमी लेखण्याचा अधिकार मला या श्रद्धेने दिलेला नाही. उलट त्याच्याकडे पाहून मला स्वतःला विचारावे लागते : हिशेबाचे भय आणि जन्नतची ओढ वजा केली, तर माझ्या चांगुलपणात किती शिल्लक उरते?

म्हणून विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगतो. देव न मानणाऱ्याला ‘तू कशासाठी जगतोस?’ हे जरूर विचारा. त्याचे उत्तर शांतपणे ऐका. आणि त्याने तोच प्रश्न उलटून विचारला, तर केवळ रोज्यांची संख्या सांगू नका.