मोजे विणू द्या, हिशोब मागू नका



निवृत्त बाईच्या हातात विणायच्या सुया दिसल्या की लोकांना तीनच गोष्टी सुचतात. पहिली, "अहो, दुकानात शंभर रुपयांत तीन जोड मिळतात, कशाला डोळे फोडून घेता?" दुसरी, "इतकं छान विणता, मग विकत का नाही?" आणि तिसरी खास आपल्या स्थानकातली, "या वयात हातात माळ हवी, सुया कसल्या घेऊन बसलात?" निवृत्त झाल्यापासून मी या तिन्ही गोष्टी ऐकते आहे. आज तिन्हींना उत्तर देते.

आधी स्वस्त मोज्यांचं. मोजे विणायचं यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली नावाच्या पाद्र्याने १५८९ साली बनवलं. म्हणजे यंत्र येऊन चारशे वर्षं उलटली. तरीही बायका मोजे विणतातच आहेत. पैसे वाचतात म्हणून हल्ली कुणी विणत नाही, एवढं तरी यातून कळायला हवं. आमच्या सोसायटीतले निवृत्त काका रोज सकाळी टेकडीवर चालत जातात. त्यांना कुणी म्हणतं का, "रिक्षाने वीस मिनिटांत पोचाल, कशाला पाय झिजवता?" दुपारी पत्त्यांचा डाव मांडणाऱ्यांना कुणी विचारतं का, की यातून मिळालं काय? पुरुषाने निवृत्तीत काही केलं तर तो छंद. बाईने केलं तर लगेच जमाखर्च. खरा मुद्दा मोज्यांचा नाहीच, बाईच्या मोकळ्या वेळाचा आहे. तिचा वेळ मोकळा दिसला की तो कुणाच्या तरी कामी यायलाच हवा, असं आपण सगळ्यांनी धरून ठेवलंय.

आणि आनंद कशात आहे, तेही सांगते. मोठ्या माणसाच्या मोज्याला साधारण ६४ टाके घालायचे, चार सुयांवर सोळा-सोळा वाटायचे आणि पाचव्या सुईने गोल गोल विणत जायचं. वर दोन सुलट दोन उलट अशी ताणणारी वीण, खाली साधी सुलट. मग येते टाच. निम्मे टाके बाजूला ठेवायचे आणि उरलेल्या ३२ टाक्यांवर पुढे-मागे विणून एक छोटी पट्टी करायची. त्यानंतर ओळ पूर्ण न करता मध्येच वळायचं, टाके जोडत जायचं. सपाट पट्टीची बघता बघता वाटी होते! कितीही मोजे विणले तरी ती वाटी तयार होताना मला दरवेळी मजा वाटते. मग कडेचे टाके उचलायचे, हळूहळू कमी करत पंजा विणायचा आणि बोटांपाशी सुईदोऱ्याने बंद करायचा. चौतीस वर्षं मी अशा फायली हाताळल्या ज्या कधी संपायच्या नाहीत, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायच्या. मोजा संपतो. थंडीत फरशीवर गारठणाऱ्या पायात तो चढतो. (दुसऱ्या पायाचा विणायचा कंटाळा येतो, ते वेगळं!) क्रोशाचं तोरण असो, जुन्या साड्यांची गोधडी असो की नातवंडाच्या बाळंतविड्यातलं टोपडं, सगळ्याचं सुख हेच.

आता विकण्याचं. मला एक जोड विणायला वीस-बावीस तास लागतात. तासाला पन्नास रुपये धरले तरी हजाराच्या वर किंमत होते. शेजारीण देईल? "लोकरीचे पैसे देते हं" एवढंच म्हणेल. म्हणजे आपले तास फुकट. शिवाय ऑर्डर आली की तारीख आली, तारीख आली की रात्रीचं जागरण आलं. इतकी वर्षं मस्टरवर सही केली, आता घरातच दुसरं ऑफिस कशाला उघडू? जिला पैशांची गरज आहे तिने जरूर विकावं, आणि पूर्ण मजुरी लावून विकावं. पण जिला गरज नाही, तिचं कौतुक "विकता येईल" याच शब्दांत का करायचं?

राहिली माळ. हा प्रश्न मला जास्त लागतो, कारण तो आपल्याच माणसांकडून येतो. सामायिक एका मुहूर्ताची, ४८ मिनिटांची. ती मी रोज करते आणि तेव्हा सुया पिशवीत असतात. प्रवचनातही त्या बाहेर निघत नाहीत. विणकाम म्हणजे ध्यान, असं हल्ली बऱ्याच जणी म्हणतात, ते मला पटत नाही. टाके मोजणं म्हणजे नवकार मोजणं नव्हे. पण दिवसाचे मुहूर्त तीस असतात. बाकीच्या वेळात टीव्हीचा रिमोट हातात असला तर कुणी टोकत नाही. मोबाईलवर तासन् तास कुणाची सून, कुठलं जेवण, कुठला नेता चाललेलं असतं. स्त्रीकथा, भक्तकथा, देशकथा, राजकथा, चारही विकथा एका स्क्रीनवर! त्यावर आक्षेप नाही आणि मोज्यावर आहे?

श्राविकेला विणकामाबद्दल विचारायचंच असेल तर खरे प्रश्न विचारा. धागा कसला? रेशमासाठी कोश उकळतात, म्हणून भरतकामात मी रेशीम वापरत नाही. लोकर मेंढीला न मारता निघते, आणि साधू-साध्वींच्या ओघ्यातही लोकरच असते. पण ऑस्ट्रेलियात मेरिनो मेंढ्यांच्या मागच्या भागाची कातडी कापायची प्रथा आहे, तेव्हा ती लोकर घेताना चौकशी करायला हवी. मी बहुतेक सुती धाग्यानेच विणते. दुसरा खरा प्रश्न परिग्रहाचा. स्वस्त मिळाले म्हणून आणलेले लोकरीचे गुंडे कपाटात साठवणं हा परिग्रहच, त्याला छंद म्हणून सूट नाही. माझा नियम साधा आहे: दोन लडी संपल्याशिवाय तिसरी आणायची नाही. असे प्रश्न विचारलेत तर मी आनंदाने बोलेन.

शेवटी घरच्यांसाठी. नातीला शाळेतून आणायला मला आवडतं, आणि आठवड्यातले तीन दिवस मी आणतेच. उरलेल्या दुपारी माझ्या आहेत. "आई नाहीतरी नुसतं विणतच बसलेली असते" या वाक्यातलं ते "नाहीतरी" आणि "नुसतं" काढून टाका, मग बघा वाक्य कसं वाटतं.

आणि मैत्रिणींनो, बोटं दुखत असतील तर बांबूच्या सुया घ्या, अर्ध्या तासाने हात मोकळे करा. कुणी विचारलं "याचा उपयोग काय?" तर लांबलचक खुलासा देत बसू नका. त्यांना शेजारी बसवा आणि टाच कशी वळते ते दाखवा.

जय जिनेंद्र.