माऊस परक्या हाती देताना

प्रवेशाचे दिवस आले की नागभीडच्या सेवा केंद्रांपुढे उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर यांसाठी गर्दी उसळते. नेमके तेव्हाच अंगठा घेणारे यंत्र संगणकाला दिसेनासे होते, नाहीतर प्रिंटर मान टाकतो. नागपूर घ्या की जिल्ह्याचे चंद्रपूर, दोन्ही शंभर किलोमीटरच्या घरात. तिथून माणूस यायचा म्हणजे दिवस गेलाच. मग फोन लागतो, पलीकडचा म्हणतो, "एनीडेस्कचा नंबर सांगा." नऊ-दहा आकडे वाचून दाखवले जातात आणि पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागतो. जुना ड्रायव्हर निघतो, नवा बसतो, यंत्राचा लाल दिवा लागतो, रांग पुढे सरकते.

धान खरेदीच्या ऑनलाइन नोंदणीची मुदत सरत आलेली असताना संगणक बंद पडला, तर शेतकऱ्याचा चुकारा लांबतो. तेव्हा दुरून संगणक हाताळण्याच्या या सोयीला सरसकट नाक मुरडणे आम्हाला पटत नाही. मात्र धोका सांगणारेही हवेत बोलत नाहीत. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने याच एनीडेस्कचे नाव घेऊन बँकांना सावध केले होते. ग्राहकाला फोन करायचा, ॲप उतरवून घ्यायला लावायचे, आकडे विचारायचे आणि खाते धुऊन न्यायचे, अशी ती रीत. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये खुद्द एनीडेस्क कंपनीच्याच यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे तिने जाहीर केले आणि ग्राहक-पोर्टलचे पासवर्ड रद्द केले. बनवणाराच जिथे सुरक्षित नाही, तिथे तालुक्याच्या दुकानदाराने कशाच्या भरवशावर राहायचे, हा प्रश्न रास्त आहे.

तरी बंदी हा उपाय नव्हे. बंदी घातली तर प्रोग्राम जाणार नाही, फक्त लपून वापरला जाईल. शिवाय रिझर्व्ह बँकेने सांगितलेल्या फसवणुकीत फोन अनोळखी माणसाचा असतो, तर सेवा केंद्रात फोन आपणच, ओळखीच्या माणसाला करतो. आम्हाला खरी काळजी वाटते ती या ओळखीचीच.

दर वेळी आकडे सांगायचा कंटाळा येतो म्हणून कायमचा पासवर्ड बसवला जातो. केंद्रात कुणी नसले तरी पलीकडचा शिरू शकतो. संध्याकाळी शटर खाली येते, संगणक मात्र चालूच राहतो. ग्रामपंचायतीत याचा अर्थ आणखी गंभीर होतो. ई-ग्रामस्वराजवरून वित्त आयोगाचा पैसा निघतो तो सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या डिजिटल सह्यांनी. त्या सह्यांचे डोंगल सांभाळतो बहुतेकदा संगणक परिचालक. कधी ते यंत्रालाच खोचलेले राहते आणि पिन कीबोर्डच्या उलट्या बाजूला पेनाने लिहिलेला. विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपमधून समोरच्या यंत्राला लावलेले डोंगल सहसा दिसत नाही. पण विंडोजच्या होम आवृत्तीत ती सोय बाहेरून वापरताच येत नाही, म्हणून सगळे एनीडेस्ककडे किंवा अल्ट्राव्ह्यूअरकडे वळतात. तिथे तर समोरचा पडदाच जसाच्या तसा दिसतो, त्यामुळे डोंगलही हाताशी येते. पिन ठाऊक असला की सही उमटवायला सरपंचांनी खुर्चीत बसलेले असण्याची गरज नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४२ वे कलम सहीच्या किल्लीचा ताबा राखण्याची जबाबदारी सही ज्याच्या नावावर आहे त्याच्यावरच टाकते. उद्या चौकशी लागली तर "पोराकडे दिले होते" हे उत्तर चालायचे नाही.

एक तक्रार गावातल्या दुरुस्तीवाल्या पोरांचीही आहे. आयटीआयमधून संगणकाचा कोपा ट्रेड करून दुकान टाकायचे आणि कामे मात्र नागपूरवाल्याने घरबसल्या उरकायची, हे त्यांना खुपते. खुपणारच. पण पावसाळ्यात वीज कडाडून पॉवर सप्लाय जळाला, तर नागपूरचा बाण काय करणार? भामरागडला पर्लकोटा नदीला पूर येऊन रस्ता बंद होतो, तेव्हा तिथल्या तिथे स्क्रूड्रायव्हर धरणारा माणूसच कामाचा. त्यात नेट गेले तर रिमोटची गोष्टच सोडा. सरकारी कार्यालयांनी संगणक देखभालीचा ठेका देताना स्थानिक दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम ठेवावी, हे आमच्या मते न्यायाचेही आहे आणि सोयीचेही. स्वस्तातल्या निविदेच्या नादात ते राहून जाते.

खासगी दुकानदाराने काय करावे हे त्याच्यावर सोडू. त्याचे नुकसान त्याचेच. (व्यवसायाला एनीडेस्कची फुकटची आवृत्ती वापरणे परवान्यात बसत नाही, हे मात्र त्यालाही माहीत असलेले बरे.) नगर परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत यांना ती मोकळीक नाही. तिथे पडलेल्या आधार क्रमांकांचे, सातबाऱ्यांचे मालक दुसरे आहेत. तिथे कायमचा पासवर्ड नको. दर वेळी आकडे सांगावेत, काम चालू असेतो कुणीतरी पडद्यासमोर बसावे आणि त्याआधी डोंगल काढून खिशात टाकावे. रीतसर बसवलेले एनीडेस्क येणाऱ्या प्रत्येक जोडणीची नोंद 'कनेक्शन ट्रेस' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवते, कोण आले, केव्हा आले. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार सरकारी संस्थांनी अशा नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. गटविकास अधिकाऱ्यांनी पुढच्या दप्तर तपासणीत रोकडवहीबरोबर ही फाइलही उघडून मागावी. उघडायला नोटपॅड पुरते.