दगडावरची ठेवपावती

नाशिकची पांडवलेणी मी प्रथम पाहिली ती शाळेच्या सहलीत. मास्तरांनी पाण्याची टाकी दाखवली, बुद्धमूर्ती दाखवल्या आणि भिंतीवरच्या ओळींकडे हात करून ‘हे जुने काहीतरी लिहिलेले आहे’ एवढे सांगून आम्हांला पुढे नेले. बँकेतून निवृत्त झाल्यावर पुन्हा गेलो, तेव्हा वा. वि. मिराशी यांचे सातवाहन आणि क्षत्रपांच्या कोरीव लेखांवरचे पुस्तक पिशवीत होते. दहाव्या लेण्याच्या ओसरीत उभा राहून मी त्या ‘जुन्या काहीतरी’चा अर्थ वाचू लागलो आणि चकितच झालो. ती चक्क एक ठेवपावती होती!

ठेवीदार उषवदात, क्षत्रप राजा नहपानाचा जावई. काळ सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि सोबत ३००० कार्षापणांची कायम ठेव दिली. लेखातला शब्द ‘अखयनिवि’, म्हणजे अक्षय ठेव. रक्कम ठेवली ती गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या दराने. १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. व्याजाला शब्द आहे ‘वढि’. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी ‘वाढीदिढी’ होती, ती याच घराण्यातली.

पुढे लिहिले आहे की, दोन हजारांच्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत. माझी जुनी खोड जागी झाली. खिशातल्या बसच्या तिकिटामागे हिशेब मांडला. दोन हजारांचे महिन्याला वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एका पैचाही फरक नाही! अडतीस वर्षे मी ताळेबंद जुळवले, पण असा जुळल्याचा आनंद क्वचितच झाला असेल.

आणखी एक गंमत म्हणजे रक्कम आधी अक्षरी आणि मग आकड्यांत कोरली आहे. आपण धनादेश लिहितो तशीच. तेव्हा शून्य वापरात नव्हते. हजाराचे एक चिन्ह होते आणि त्याला तीनचे चिन्ह जोडले की तीन हजार. शेवटी, हा व्यवहार नगराच्या सभेत जाहीर करून रीतीप्रमाणे नोंदवला आहे, असा शेराही आहे. राजाचा जावई झाला तरी नोंदणी चुकली नाही.

हे सारे त्या भिंतीवर उघड्यावर होते, तरी मधली कित्येक शतके ते कुणालाच वाचता येत नव्हते. ब्राह्मी लिपी लोक विसरून गेले होते. पांडवांनी एका रात्रीत लेणी खोदली ही कथा रुजली, ती बहुधा या विसरामुळेच. १८३७ साली कलकत्त्याच्या टांकसाळीतले अधिकारी जेम्स प्रिन्सेप सांचीच्या कठड्यावरच्या लहान लहान लेखांचे ठसे पाहत होते. बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे दिसत होती. इतक्या लोकांनी इतक्या दगडांवर काय बरे लिहिले असेल? त्यांनी ताडले, ‘दानं’. तिथून कुलूप उघडले. पुढे जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आले आणि त्यांनी नाशिकचे, नाणेघाटचे लेख मोठ्या कष्टाने वाचले. त्यांच्यासारख्यांनी जन्म घातला, म्हणून मला तो हिशेब करता आला.

त्या ओसरीत मला एक निवृत्त शिक्षिका आठवल्या. सत्तरच्या दशकात त्या माझ्या शाखेत एक हजार रुपये घेऊन आल्या. त्यांच्या शाळेत मराठीत पहिल्या येणाऱ्या मुलीला व्याजातून दरवर्षी शब्दकोश द्यायचा होता. ‘साहेब, हे कायम चालेल ना?’ त्यांनी विचारले. मी ऐटीत म्हणालो, ‘बाई, मुद्दल मोडलेच नाही तर चालायला काय हरकत आहे?’ निवृत्तीच्या सुमारास सहज चौकशी केली. बक्षीस केव्हाच बंद पडले होते. पावती शाळेच्या कोणत्या कपाटात आहे, ते कुणालाच ठाऊक नव्हते. बाईंचे नावही कुणाला आठवेना. पैसे बिचारे बँकेत पडून होते.

गोवर्धनच्या श्रेणीही गेल्या, कार्षापणही गेले. कायम असे काहीच राहत नाही, हे तर खरेच. पण उषवदाताने दिलेला शब्द आज आपल्याला कळतो आणि बाईंचा वीस-पंचवीस वर्षांत हरवला. हा केवळ दगड आणि कागद यांतला फरक नव्हे. दगडही शतकानुशतके मुकाच होता. नोंद टिकते ती कुणीतरी वाचत राहते म्हणून.

आपल्याकडे गावोगावी असे दगड आहेत. कुठे त्यांवर शेंदूर चढतो, कुठे तैलरंग, कुठे कपडे धुतले जातात. लेण्यांत तर आपली आणि आपल्या आवडत्या माणसाची नावे कोरून ठेवण्याची हौस! माझी मागणी मोठी नाही. सरळव्याजाच्या धड्यात उषवदाताचे हे एक गणित घाला. दोन हजार मुद्दल, शेकडा एक दरमहा, वीस भिक्षू, प्रत्येकाला किती? ज्या मुलीने ते सोडवले असेल, ती सहलीला गेल्यावर त्या भिंतीवर खिळ्याने नाव कोरणार नाही. ती मास्तरांना विचारील, ‘सर, आपले ते गणित कुठल्या ओळीत आहे?’