समुपदेशक फक्त पुण्यातच घडणार का? जामखेडहून एक प्रश्न

पोस्ट जरा मोठी आहे. पण ज्यांच्या घरात कुणी समुपदेशनाचं शिक्षण घ्यायचा विचार करतंय त्यांनी वाचाच, आणि ज्यांना वाटतं आपला याच्याशी काय संबंध, त्यांनी तर नक्की वाचा.

ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने म्हणजे यूजीसीने एक निर्णय जाहीर केला. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने चालवता येणार नाहीत. सोबत मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, आहार आणि पोषण हे विषयही आहेत. आधार घेतलाय २०२१ च्या कायद्याचा. डॉक्टर, नर्स सोडून आरोग्य क्षेत्रात जे इतर व्यावसायिक काम करतात, त्यांचं शिक्षण आणि नोंदणी शिस्तीत आणण्यासाठी हा कायदा झाला. मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, मनोसामाजिक कार्यकर्ते त्यात येतात.

आपल्या तालुक्यात या निर्णयाची साधी चर्चासुद्धा झाली नाही. पण त्याचा फटका कुणाला बसलाय ते बघा.

माझ्या ओळखीच्या एक मॅडम आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. नाव सांगत नाही. इग्नूमधून मानसशास्त्रात एम.ए. करायचं त्यांनी ठरवलं होतं. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला तिथं प्रवेश मिळायचा आणि नोकरी, घर सांभाळून शिकता यायचं. मला म्हणाल्या, "दादा, सातवी-आठवीच्या पोरी माझ्यापाशी येऊन रडतात. एकीचे आई-बाप ऊसतोडीला गेलेत, एकीचं लग्न ठरवलंय. मी नुसती ऐकून घेते. ऐकल्यावर पुढं काय करायचं ते मला शिकायचंय." आता त्यांनी काय करावं? नियमित एम.ए. करायचं तर पुणे-नगरकडं जाऊन राहायचं, बिनपगारी रजा टाकायची, दोन लेकरं सासूकडं ठेवायची. म्हणजे शिकायचंच नाही, असा याचा सरळ अर्थ.

आता दुसरी बाजू. यूजीसीचं चुकलंच असं मी म्हणणार नाही. मध्यंतरी एका खासगी संस्थेचा माणूस जाहिरात घेऊन माझ्याकडे आला होता. तीन महिन्यांत घरबसल्या समुपदेशक व्हा, सर्टिफिकेट पोस्टाने. मी विचारलं, प्रॅक्टिकल कुठं? तर म्हणाला, व्हिडिओ आहेत ना सर! जाहिरात घेतली नाही. अहो, आपण मोटार रिवायंडिंगचं पोरगं सुद्धा वर्षभर उस्तादाच्या हाताखाली ठेवतो. इथं तर माणसाच्या मनाचं काम आहे. समोरचा माणूस "मला जगावंसं वाटत नाही" म्हणाला, की त्या क्षणी काय बोलायचं आणि काय अजिबात बोलायचं नाही, हे व्हिडिओ बघून येत नाही.

म्हणजे प्रश्न ऑनलाइन की ऑफलाइन हा नाहीच. शिकणारा माणूस किती तास खऱ्या माणसांसमोर बसला आणि त्याच्या पाठीशी अनुभवी कोण होतं, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेत मानसिक आरोग्य समुपदेशनाची मास्टर्स पदवी ऑनलाइन करता येते. पण तिथली सीएसीआरईपी ही मान्यता देणारी संस्था सांगते की किमान १०० तासांचं प्रात्यक्षिक आणि त्यानंतर ६०० तासांची इंटर्नशिप झाली पाहिजे. ती प्रत्यक्ष माणसांबरोबर, देखरेखीखाली. विद्यार्थी घरी बसून लेक्चर ऐकतो, पण हे ७०० तास आपल्याच भागातल्या दवाखान्यात किंवा केंद्रात काढतो. (हे वाचून कुणी लगेच परदेशी पदवीला पैसे भरू नका. तिथला परवाना इथं चालत नाही.) सांगायचा मुद्दा एवढाच की पुस्तक मोबाईलवर आणि हात कामावर, अशी वाटणी करता येते. आपण ती न करता दारच लावून घेतलं.

आणि हे जामखेडकरांना कुणी शिकवायची गरज आहे का?

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे इथं आले. डॉक्टर खेड्यात यायला तयार नाहीत, हे तेव्हाही होतंच. त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. कित्येकींना अक्षरओळख नव्हती. त्या जामखेडला यायच्या, शिकायच्या, गावात जाऊन तेच काम करायच्या आणि अडचणी घेऊन पुन्हा यायच्या. शिकणं, करणं, परत येऊन विचारणं. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, सगळं त्या सांभाळायला लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक इथं शिकायला आले. पदवीच्या आधी काम आणि कामासोबत देखरेख, हे सूत्र जामखेडने जगाला दाखवलंय.

मनाच्या आजारातही ते चालतं याचे पुरावे आहेत. गोव्यात 'संगाथ' संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण दिलं. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात नैराश्याच्या रुग्णांना ६ ते ८ भेटीत मदत केली, रुग्णांना फायदा झाला आणि २०१७ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आपल्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं. गावातलाच माणूस दारात जाऊन बोलला म्हणून हे झालं.

आता आपली स्थिती. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार मानसिक आजार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत (आजारानुसार आकडा बदलतो) उपचार पोचतच नाहीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, पण त्याची तज्ज्ञ टीम जिल्हा रुग्णालयात. जामखेडहून नगर पाऊणशे किलोमीटर. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी राज्याने २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, तो मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी. आमच्या शिवेला लागून असलेला बीड त्यात, धाराशिव त्यात. आम्ही नाही. पाऊस मात्र शिव बघून पडत नाही आणि सावकारही जिल्हा विचारून कर्ज देत नाही.

वीसेक वर्षं तालुक्याच्या बातम्या लिहितोय. 'अकस्मात मृत्यूची नोंद', 'कारण समजू शकले नाही', ही वाक्यं हाताला पाठ झालीत. कारण समजत नाही, कारण आधी कुणी विचारलेलंच नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं.

एक, नुसती ऑनलाइन पदवी बंद राहू द्या. पण थिअरी ऑनलाइन आणि प्रात्यक्षिक जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, ठरलेले तास, ठरलेला मार्गदर्शक, असा मिश्र अभ्यासक्रम यूजीसी आणि विद्यापीठांनी आणावा.

दोन, शिक्षिका, आशाताई, नर्स, अंगणवाडी सेविका यांना त्यात राखीव जागा आणि पगारी अभ्यासरजा द्यावी. लोक यांच्याजवळ आधीच बोलतात. नवा विश्वास कमवावा लागत नाही.

तीन, मार्गदर्शक तालुक्याला येणार नाही म्हणत असेल तर देखरेख व्हिडिओवर होऊ द्या. पेशंट समोर, गुरुजी स्क्रीनवर. उलटं नको.

आमदार-खासदारांनी रस्ते, सभामंडपाइतकाच हा विषय मांडावा. कळवायचं काम आपलं.

आणि जे आज प्रवेश घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा. यूजीसीची त्या अभ्यासक्रमाला आणि त्या पद्धतीला मान्यता आहे का? प्रत्यक्ष कामाचे तास किती आणि कुठं? ही पदवी घेऊन मी स्वतःला नेमकं काय म्हणवू शकतो? 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' व्हायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ती कुठल्याही ऑनलाइन कोर्सने मिळत नाही. उत्तर गोलमाल आलं की फोन ठेवून द्या.

कुणाला आत्ताच बोलायची गरज असेल तर 'टेलि मानस' आहे, नंबर १४४१६. मोफत, दिवस-रात्र, मराठीत. लाजू नका.

यूजीसीच्या निर्णयामुळे कुणाचा प्रवेश अडकला असेल तर मला मेसेज करा. नाव गुप्त ठेवून सगळ्यांचं एक निवेदन करू आणि तहसीलदारांमार्फत वर पाठवू. पटलं तर पुढं पाठवा, नाही पटलं तर खाली भांडा. पण विषय निघू द्या.